कापलेला कोपरा

६ डिसेंबर

डॉक्टरांनी मला राग कमी करायला सांगितलंय. राग म्हणजे काय मीठ आहे, चिमटीने कमी टाकायला? बीपीची गोळी वाढवली ती वाढवली, वर म्हणाले, हातांना काहीतरी छंद लावा आणि मनात येईल ते वहीत लिहून काढा, म्हणजे साचत नाही. वही मेडिकलवाल्याने फुकट दिली. छंद यांनी शोधला. गंगापूर रोडला दर शनिवारी एक क्लास असतो, हाताने शुभेच्छापत्रं बनवायचा. जाहिरातीत लिहिलं होतं, "ताण विसरा, स्वतःला भेटा." स्वतःला मी रोज आरशात भेटते, पण हे ऐकतात कुठे.

एकटी जाणार नाही म्हटलं आणि मंदाला फोन केला. मंदा म्हणजे माझी मैत्रीण, माझी एकटीची. एकलहऱ्याला वीज केंद्राच्या कॉलनीत आमची घरं समोरासमोर होती, दोघींचे नवरे तिथेच नोकरीला. तिचा योगेश माझ्या ताटात जेवून मोठा झाला. आता तिचे मिस्टर नाहीत, योगेश बंगळूरला, आणि आम्ही दोघी नाशकात जेल रोडला शेजारच्या गल्ल्यांत राहतो. मंदा मला कधी नाही म्हणत नाही. आजही म्हणाली नाही.

शिकवणारी चैताली आमच्या मुलांपेक्षाही लहान. म्हणाली, "काकू, आधी डोळे मिटा, श्वास घ्या, कागदाचा स्पर्श अनुभवा." मी हात फिरवला. कागदच होता. मंदा मात्र डोळे मिटून बसली ती चैतालीने उघडा म्हटलं तरी उघडेना. मी कोपराने ढोसलं. "कुठे गेली होतीस गं?" म्हटलं. म्हणाली, "कोण जाणे."

१३ डिसेंबर

आज क्लासला एक नवीन बाई आली. नीलिमाताई. बँकेतून रिटायर, कडक इस्त्रीची साडी, चष्म्याला साखळी. कागदाचा एक कपटा टाकत नाही. स्वतःचे तर नाहीच, आमचे सगळ्यांचे तुकडेसुद्धा टेबलावरून गोळा करून काचेच्या बरणीत भरते. म्हणे त्यातून पुढे चित्रं चिकटवता येतात. मला तर कंजूषपणाच वाटला.

बसायची जागा मंदाच्या पलीकडची सापडली तिला. मंदाचं काय बिनसलं होतं देव जाणे, कार्डाची घडी परत परत उलटी घालत होती. नीलिमाबाईंनी तिचा हात हातात धरून घडी घातली. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, तिला येतं ते. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या पोरींचं रुखवत या हातांनी मांडलंय." तर ही बाई माझ्याकडे न बघता मंदालाच हळू आवाजात विचारते, "कधीपासून होतंय असं?" आणि मंदा माझ्याकडे चोरून बघते.

काय होतंय? घडी चुकली, दुसरं काय? काही लोकांना दुसऱ्याच्या मैत्रिणीत नाक खुपसायची सवयच असते.

घरी येऊन यांनी बीपी मोजलं. सकाळपेक्षा जास्त. हे म्हणाले, "कार्डांनी वाढतंय की काय?"

१८ डिसेंबर

रोज सकाळी मी आणि मंदा बागेत फिरायला जातो. फाटकाशी भेटायचं हे ठरलेलं. आज मी तिथे थंडीत कुडकुडत उभी आणि बाईसाहेबांचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणते, "आज जायचं होतं का?"

म्हणजे काय? आपण रोज काय करतो?

मला कळत नाही असं नाही. आदल्या दिवशी तिला फोन केला होता तेव्हा बराच वेळ लाइन बिझी होती. विचारलं तर सरळ म्हणाली, नीलिमाताईंशी बोलत होते. गप्पा रात्री त्यांच्याशी मारायच्या आणि सकाळी झोप माझ्या वेळेत काढायची.

२३ डिसेंबर

आज माझा वाढदिवस. मंदा दर वर्षी सकाळीच सांजोऱ्या करून आणते, गरम डबा पदराखाली धरून. आज नाही आली, फोनही नाही. मी दुपारपर्यंत वाट पाहिली, मग यांच्यावर खेकसले. त्यांचा काही दोष नव्हता.

संध्याकाळी हे मला बाहेर जेवायला घेऊन गेले. शरणपूर रोडला सिग्नलला गाडी थांबली आणि बघते तर समोर रिक्षातून मंदा उतरतेय, सोबत नीलिमा. मंदाच्या हातात कसलीशी फाइल. नीलिमाने तिचा दंड धरलेला, जसं काही लहान पोर रस्ता ओलांडतंय. मी काच खाली केली, पण हाक नाही मारली. का मारावी? माझ्या वाढदिवसाला तुम्ही हिंडा खुशाल.

जेवण काय होतं ते आठवत नाही.

२५ डिसेंबर

काल सकाळी मंदा सांजोऱ्या घेऊन आली. "प्रमे, चुकलं गं, काल लक्षातच नाही राहिलं," म्हणून डोळ्यांत पाणी. मी जरा ताणून धरलं, मग विरघळले. चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या. कॉलनीतल्या गणपतीत मी नाटकात पोलीस झाले होते ते तिने असं सांगितलं की पोट धरून हसलो. त्या काळातलं सगळं तिला अजून जसंच्या तसं आठवतं. विसरते ती फक्त माझा वाढदिवस.

आणि आज सकाळी बेल वाजली तर पुन्हा मंदा, पुन्हा सांजोऱ्यांचा डबा. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, प्रमे. चुकलं गं." मी म्हटलं, काल दिलास की. तिने हातातल्या डब्याकडे बघितलं, मग हसून म्हणाली, "मग काय झालं? तुला आवडतात ना?"

मनाला खातंय तिच्या, दुसरं काय. खाऊ दे. यांना मात्र मी सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "मंदावहिनींची तब्येत बरी आहे ना?" एवढंच विचारलं. तब्येतीला काय धाड भरलीय, रिक्षाने हिंडतात मजेत.

३ जानेवारी

मंदाकडे एक पत्र्याचा डबा असतो आता, बिस्किटांचा. त्यात ती क्लासमध्ये केलेली कार्डं ठेवते. मी बघायला हात पुढे केला तर तिने झाकण लावलं. माझ्यापासून! पोटातलं सगळं मला सांगणारी बाई, तिने माझ्या तोंडावर झाकण लावलं. नीलिमाने मात्र त्याच डब्यातून एक कार्ड काढून तिला काहीतरी वाचून दाखवलं, आणि दोघी मान हलवत बसल्या.

चैताली म्हणाली, आज मनात जे आहे ते रंगात उतरवा. मी सगळा कागद गर्द हिरवा केला. तिला वाटलं शेत आहे.

१० जानेवारी

आज जिंकले. चैतालीने कोपरा कापायचं एक नवीन पंच आणलं होतं. कार्डाचा एक कोपरा कापायचा म्हणजे आतला दुसऱ्या रंगाचा कागद डोकावतो. नीलिमाबाईंनी ते हातातही घेतलं नाही. "मला नाही कापवत कोपरा. आमच्याकडे नाही कापत," म्हणाल्या. आमच्याकडे, तुमच्याकडे! आयुष्यात एक गोष्ट जमेना तर लगेच रीतिरिवाज. मी मुद्दाम मोठा कोपरा कापला. बाहेरून मरून रंगाचा कागद, आतून पिवळा डोकावतोय, मधे वाळवलेलं शेवंतीचं फूल. चैतालीने सगळ्यांना उचलून दाखवलं. मंदाच्या चेहऱ्याकडे बघितलं मी, पण ती खिडकीतून बाहेर बघत होती.

आणि मला सुचलं. मंदाची आई, कुसाबाई, चांदवडला असते, मंदाच्या भावाकडे, सावळीरामकडे. नव्वदीला टेकलीय पण खुटखुटीत. मला लेकच मानते. तिला संक्रांतीचं कार्ड पाठवायचं, माझ्या हातचं. नीलिमाला माहीत तरी आहे का मंदाची आई कुठे असते? तिच्या हातचा पाटवड्यांचा रस्सा खाल्लाय का तिने कधी? येतानाच पोस्टात टाकलं. आत लिहिलं, "तिळगूळ घ्या, गोड बोला. तुमची दुसरी लेक, प्रमिला."

आज बीपी चांगलं आलं.

१३ जानेवारी, भोगी

हे म्हणाले, आज वही राहू दे. पण सगळं लिहिणार आहे.

सकाळी भोगीची भाजी चिरत होते तर सावळीरामचा फोन. "वयनी, मंदाताई कुठं हाय? ताई फोन उचलत नाय. आईनं सकाळधरनं पाण्याचा घोट घेतला नाय. तुमचं पत्र आलं, त्याचा कोपरा कापलेला हाय."

माझ्या हातातली सुरी खाली ठेवायचंही सुचेना. मला माहीत नव्हतं का? आमच्या लहानपणी मयताचं पत्र यायचं ते कोपरा फाडूनच. पोस्टमनच्या हातात तसलं कार्ड दिसलं की अख्खी गल्ली दाराशी यायची. वाचता न येणाऱ्यालाही कळायचं. माझ्या आजोबांचं असंच कळलं होतं. आणि त्या बाईच्या नाकावर टिच्चून पंच दाबताना यातलं काहीच माझ्या डोक्यात आलं नाही. सावळीरामने नाव वाचून दाखवलं, फोनवर मीही सांगितलं, पण म्हातारीचं एकच. नाशिकहून कोपरा कापलेलं पत्र आलंय आणि माझी मंदा फोन उचलत नाही.

पळत मंदाकडे गेले. ती घरातच होती. फोन फ्रीजमध्ये वाजत होता, दुधाच्या पिशवीशेजारी. तिला म्हटलं, चल चांदवडला, आईला तुझं तोंड दाखवायचंय. द्वारका चौकातून एस.टी. धरली. पिंपळगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवलेला, माझा जीव नुसता टांगणीला. मंदा खिडकीशी बसून विचारत होती, "आपण कुठे चाललोय गं?" मी सांगत होते. मला वाटलं माझ्यावर रागावून मुद्दाम बोलतेय.

कुसाबाई अंगणात बसली होती. चूल पेटवलेली नाही. माझं कार्ड घरात घेतलंच नव्हतं, तसलं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेर दगडाखाली दाबून ठेवलं होतं. मंदाला बघून म्हातारीने तिचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कानाच्या पाळ्या धरून बघितल्या, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लय मोठी झालीस शिकूनसवरून." एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंदाचं लक्ष दगडाखालच्या कार्डाकडे गेलं. "कोण गेलं गं?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. क्लास, पंच, माझी चूक. तिने मान हलवली. आत जाऊन पाणी प्यायली, बाहेर आली, कार्ड बघितलं. "प्रमे, कोण गेलं?" मी पुन्हा सांगितलं. सावळीरामच्या बायकोने चहा आणला. चहा संपायच्या आत मंदा उभी राहिली, कार्डाजवळ गेली आणि रडायला लागली. "अण्णा गेले का? मला कुणी सांगितलं का नाही?"

अण्णा म्हणजे तिचे वडील. ते गेले तेव्हा आम्ही कॉलनीत राहायला होतो. याच अंगणात मी तिला धरून बसले होते.

 कुसाबाईने लेकीला जवळ ओढलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "कवापासनं?"

मला सांगता आलं नाही. रोज भेटणाऱ्या मला.

१४ जानेवारी

घडी उलटी. बाग विसरली. सांजोऱ्या दोनदा. फाइल. सगळं या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय आणि मी प्रत्येकाखाली नीलिमाचं नाव टाकलंय.

निघताना कुसाबाईने कार्ड माझ्या हातात दिलं नाही. म्हणाली, "हे हितंच ऱ्हाईल. कापलेला तुकडा घेऊन ये आन् जोड. त्याबिगर हे घरात येनार नाय." मी म्हटलं, दुसरं नवीन करून आणते. म्हणाली, "दुसरं नगं. हेच नीट कर."

१५ जानेवारी

तो तुकडा कुठे असणार हे मला माहीत होतं. म्हणूनच पाय उचलत नव्हता.

नीलिमाने दार उघडलं. मी बसायच्या आधीच म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं." ती म्हणाली, "हो." तिच्या मिस्टरांनाही हाच विसरायचा आजार होता. सुरुवात अशीच, घड्या चुकण्याने. शर्टाच्या घड्या. क्लासला पहिल्याच दिवशी तिने मंदाला ओळखलं, डॉक्टरकडे तीच घेऊन गेली, योगेशला फोनही तिनेच लावून दिला. माझ्या वाढदिवसाला तो रिपोर्ट मिळाला होता.

"मला का नाही सांगितलं?"

"मंदाताईंनी शपथ घातली होती. म्हणाल्या, प्रमिलाचं बीपी आहे. ती रडेल, चिडेल, आणि मग मला तिलाच सावरत बसावं लागेल."

खरं आहे ते. तरीही आग झाली अंगाची. लिहायचंच ठरवलंय तर हेही लिहिते. मंदा आजारी आहे याचं दुःख व्हायच्या आधी मला दुःख झालं ते हे की आधी हिला कळलं. आताही होतंय. मी काही चांगली बाई नाही.

नीलिमाने बरणी टेबलावर उपडी केली. दोघी समोरासमोर बसून कपटे निवडत होतो. मरून रंग बराच निघाला, पण कुणाची पानं, कुणाच्या पट्ट्या. माझा त्रिकोण शेवटी तिलाच सापडला. तिने तो कागदात गुंडाळून दिला. "कोपरा मी का कापला नाही, ते तेव्हाच नीट सांगायला हवं होतं," म्हणाली. मी म्हटलं, "सांगितलं असतं तरी मी कापलाच असता." ती हसली. हसताना बरी दिसते, हे मला आधी बघायचं नव्हतं.

१९ जानेवारी

एकटी चांदवडला जाऊन आले. अंगणातच बसून डिंकाने कोपरा जोडला, मागून कागदाची पट्टी लावली. सांधा दिसतो. कुसाबाईने त्यावरून बोट फिरवलं, मग चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं आणि कार्ड देवाजवळ नेऊन ठेवलं.

"बरी व्हईल ना?" तिने विचारलं. मी खोटं बोलणार होते. नाही बोलले. म्हटलं, "नाही, आई. पण मी आहे." तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

३१ जानेवारी

आज क्लासनंतर मंदाच्या घरी गेलो, तिघी. हो, तिघी. रिक्षात मंदाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती.

मंदाने स्वतःहून तो बिस्किटांचा डबा माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "आता तुला माहीतच आहे तर बघ." ज्यांना विसरायचं नाही अशा माणसांची कार्डं आहेत ती. नीलिमाची कल्पना. वर माणसाची काहीतरी खूण चिकटवलेली, आत मंदाच्या अक्षरात दोन ओळी. योगेशच्या कार्डावर विमान. "माझा मुलगा. रविवारी फोन करतो. त्याला विचारायचं नाही की जेवलास का, चिडतो." आईच्या कार्डावर बाजरीचे दाणे. "चांदवड. हिला ऐकू कमी येतं, मोठ्याने बोलायचं." सावळीराम होता. सून होती. दूध टाकणारा गेणू होता. नीलिमा होती, चष्म्याच्या साखळीसकट. "शनिवारी रिक्षा घेऊन येते. हिचं ऐकायचं."

मी डबा तळापर्यंत उलटून बघितला. मग पुन्हा एकदा.

"माझं कुठाय?" मी विचारलं. आवाज चढला माझा. "दूधवाल्याचं आहे आणि माझं नाही?"

नीलिमा चहा करते म्हणून आत निघून गेली. मंदा माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मी फारच खुळ्यासारखं विचारतेय.

"तुझं कशाला करायचं? तुला कशी विसरेन मी?"

मी कार्डं पुन्हा डब्यात भरली. उशीखालची रिपोर्टची फाइल दिसत होती. त्यात काय लिहिलंय ते आता मला माहीत आहे. पुढे काय काय जाणार आणि कशानंतर काय, ते नीलिमाने मला सगळं सांगितलंय.

७ फेब्रुवारी

आज क्लासमध्ये चैतालीने डोळे मिटायला सांगितलं तेव्हा मी निमूटपणे मिटले. कागदावर हात फिरवला. मग माझं स्वतःचं कार्ड केलं. वर बागेचं फाटक काढलं, वाकडं आलं. आत लिहिलं, "ही प्रमिला. तोंडाने फटकळ. रोज सकाळी फाटकाशी उभी असते. तू नाही आलीस तर घरी येते. हिला सांजोऱ्या आवडतात, कितीदाही दिल्या तरी." चारही कोपरे शाबूत ठेवले आणि घरी येऊन प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं.

संध्याकाळी मंदाकडे गेले. ती आत माझ्यासाठी चहा टाकत होती, साखर किती ते न विचारता. मी डबा उघडला आणि माझं कार्ड ठेवलं, सगळ्यांत वर. नीलिमाच्याही वर.